तोंड उघडून थांबलेली मुलगी

मिरच्या वाळून झाल्या त्याच आठवड्यात मी एकटी गोंदियाला निघाले. लोक बोधगयेला, काशीला जाऊन येतात आणि गावभर सांगतात. मी केशोरीहून निघाले ते एका कार्टूनमधली मुलगी शेवटी काय बोलली हे शोधायला. असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमच्याकडे डीव्हीडीचं मशीन आलं तेव्हा ह्यांनी ते टीव्हीखाली ठेवलं आणि मी त्यावर विणलेला रुमाल घातला. रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे, बटणं आम्ही पिशवीवरूनच दाबतो. पळणारा माणूस जिथल्या तिथे थांबवायचं एक बटण आहे, ते मला फार आवडतं. तसं एक बटण घरातल्या माणसांनाही पाहिजे होतं.

मारामारीचे पिक्चर हे आणतात आणि सुरू झाले की घोरायला लागतात. पाहते मी. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी रद्दीतून आणलेली कराटेवाल्यांच्या गोष्टींची पुस्तकं मी बोट ठेवून ठेवून वाचते. मला स्वतःला भांडता येत नाही. नळावर कोणी माझा गुंड (पाण्याचं भांडं) सरकवला तर मी गुंडाकडे पाहत राहते. पण पडद्यावर एखादीनं हवेत उडून चार जणांना लाथ घातली की मला बरं वाटतं.

ह्या वेळी आणलेल्या डीव्हीडीवर स्केचपेननं 'चायना फाइटिंग कार्टून' एवढंच लिहिलेलं होतं. त्यात डोंगरावर एका म्हाताऱ्या गुरूजवळ राहणारी एक मुलगी होती. डोळे बशीएवढे, वारा नसला तरी केस उडणारे. ती अख्ख्या पिक्चरभर एक शब्द बोलत नाही. गाव तिला मुकी म्हणतं, ती लाकडाच्या तलवारीनं सगळ्या गावाला वाचवते. शेवटी बर्फ पडतो आणि गुरू तिला म्हणतो, "बोल बेटी, क्या चाहिए तुझे?" मुलगी तोंड उघडते. तिथेच डीव्हीडी अडकली. पडद्यावर चौकोन चौकोन झाले आणि मधोमध ते उघडं तोंड.

मी ती पदरानं पुसली, मग टूथपेस्टनं. सासूबाईंनी खोबरेल तेल चोळलं. त्यानंतर मशीननं ती आत घेणंच बंद केलं.

मला झोप येईना. काय मागितलं असेल तिनं? तलवार? आईबाप? अर्जुनीच्या दुकानात ह्यांनी विचारलं, नव्हती. गोंदियाला मिळेल, पण कार्टूनसाठी गोंदियाला कायले जाऊ, असं ह्यांचं म्हणणं. शेवटी माझी ननंद कुंदाबाई गोंदियाला असते, तिला मिरच्या पोचवायच्याच होत्या, तर तूच जा म्हणाले.

"पण दुकानात तोंड उघडशील का वं? तू अन् ते कार्टून, दोघी सारख्याच."

मी मिरच्या बांधायला घेतल्या.

अर्जुनीपर्यंत काळीपिवळी जीप मिळाली आणि तिथून गोंदियाची पॅसेंजर. मिरच्यांचं गाठोडं मी मांडीवर घेतलं होतं. खिडकीतून धान कापलेल्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे) मागे जात होत्या, मध्येच एखादी बोडी (लहान तळं), तिच्यात पांढरे बगळे. मोहाची झाडं पानं गाळून उभी होती. पाहत राहावं असं सगळं होतं, पण सौंदड मागे पडलं आणि डब्यात कोणीतरी शिंकलं. मग त्याच्या बाजूचा. मग समोरची बाई शिंकून शिंकून लाल झाली.

"काऊन वं माय, बॉम्ब घेऊन जाऊन रायली का?" ती म्हणाली.

मी गाठोड्याकडे असं पाहिलं जसं ते दुसऱ्याच कोणाचं आहे. हिरडामालीपर्यंत माझ्या बाकावर मी एकटीच उरले. एवढ्या आरामात मी कधी प्रवास केला नाही.

गोंदियाला उतरले तेव्हा भूक लागली होती. सकाळी घाईत खाल्लं नव्हतं. स्टेशनसमोर हॉटेलात गेले. गरम समोसे कढईतून निघत होते, वास सुटला होता. मालकानं "क्या चाहिए बहनजी" विचारलं आणि माझ्या तोंडातून "पाणी" निघालं. पाणी पिऊन बाहेर आले.

ननंदबाईंकडे आधी गेले नाही. त्यांना सांगितलं असतं तर माझ्या जागी त्याच बोलल्या असत्या, आणि मी कार्टूनसाठी आले हे संध्याकाळपर्यंत बालाघाटपर्यंत कळलं असतं.

बाजारात सीडी-डीव्हीडीचं मोठं दुकान सापडलं. बाहेर दोनदा चक्कर मारली, मग आत शिरले. कार्टून पाहिजे एवढं कसंबसं म्हटलं. दुकानदारानं ससा, उंदीर आणि बाळाला झोपवायची गाणी काढून दिली. मी मान हलवत राहिले. मग मी हात तलवारीसारखा उगारला आणि मोठे डोळे केले. तो थोडा मागे सरकला. पण समजदार माणूस, त्यानं वरच्या फळीवरून एक डबी काढली. डबीवर तीच मुलगी होती, तेच केस. त्यानं डबी उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "ये तो खाली है, बहनजी."

आता हिंदी मला येत नाही असं नाही. सगळे पिक्चर मी हिंदीतच पाहते. पण घाबरले की माझे कान मराठी होतात. 'खाली है' म्हणजे डबी रिकामी आहे. मी ऐकलं, डीव्हीडी खाली आहे. गल्ल्याच्या बाजूला खाली जायच्या पायऱ्या होत्याच. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी गाठोडं घेऊन उतरले.

खाली तळघरात पांढरे कपडे घातलेल्या मुलामुलींची रांग उभी होती. सगळ्यांनी एकदम "हा" असं ओरडून माझ्याकडे मुठी केल्या. मी गाठोडं छातीशी धरलं. समोर काळा पट्टा बांधलेली एक मॅडम होती, माझ्याहून लहान, पण तिच्या उभ्या राहण्याचीच भीती वाटावी अशी. तो कराटेचा क्लास होता. तिनं विचारलं, "एडमिशन किसका है?"

मी पायऱ्यांकडे पाहिलं.

"लड़के का, के लड़की का?"

पुस्तकात अशा ठिकाणी वाकून नमस्कार करतात एवढं आठवलं, म्हणून मी कमरेत वाकले. वाकले आणि गाठोड्याची गाठ सुटली. केशोरीच्या मिरच्या फरशीवर पसरल्या, त्यांचा खकाणा उडाला आणि वर पंखा फिरत होता.

पहिली रांग शिंकली. मग मागची. मुठी सुटल्या, कोणी डोळे धरून बसलं, कोणी भिंतीला टेकलं. मॅडम बराच वेळ टिकली, मग तीही खाली बसली. अख्खा क्लास मी बोट न लावता पाडला. गोष्टीतले लोक विषारी चूर्ण उडवतात ते मला खोटं वाटायचं. आता वाटत नाही.

मी मिरच्या गोळा करायला बसले. मॅडम डोळे पुसत हसत होती. हसणाऱ्या माणसाची भीती कमी वाटते. तेव्हा मी म्हटलं, आणि एकदम सगळंच म्हटलं, की बर्फात ती मुलगी तोंड उघडते आणि आमची डीव्हीडी अडकते, तर ती काय बोलते तेवढं सांगा.

"इसके लिए केशोरी से आए आप?"

मी हो म्हटलं. तिनं सांगितलं, हा पिक्चर चायनाचा नाही, जपानचा. तिथे ह्याला ॲनिमे म्हणतात (चित्रं काढून केलेला पिक्चर, पण फक्त लहान मुलांचा नाही). क्लासच्या मुलांना दाखवायला तिच्याकडे होता. ती काय बोलते ते मात्र सांगेना. "वो सुनने की चीज़ है," म्हणाली आणि तिनं पिशवीतून डीव्हीडी काढून दिली. माझी ननंद इथेच असते असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाली, पाहून झाली की तिच्याकडे ठेवा, मी घेईन. मी तिला ओंजळभर मिरच्या दिल्या. तिनं त्या हात लांब करून घेतल्या.

कुंदाबाईंनी गाठोडं हातात तोलून पाहिलं. ह्या वर्षी मिरची कमी झाली का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जेवून आली असशील ना?" मी हो अशी मान हलवली. चहा झाला आणि मी परतीची गाडी पकडली. येताना डब्यात कोणी शिंकलं नाही, त्यामुळे उभ्यानं यावं लागलं.

घरी पोचले तर लाईन (वीज) जायची वेळ झाली होती. पाय न धुता आधी डीव्हीडी लावली आणि रिमोटनं शेवटाकडे पळवली. सासूबाई पुढे सरकल्या. हेही जागे होते. बर्फ पडला. गुरू म्हणाला, "बोल बेटी, क्या चाहिए तुझे?" मुलीनं तोंड उघडलं. ह्या वेळी चौकोन झाले नाहीत.

"भूख लगी है," ती म्हणाली.

गुरू हसला, भाताचा वाडगा घेऊन आला, ती खायला लागली, पिक्चर संपला.

"एवढ्यासाठी गोंदियाले गेलतीस?" हे म्हणाले.

"खरं तेच बोलली पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर तलवार फिरवली तिनं."

तेवढ्यात लाईन गेली. हॉटेलातलं पाणी मला आठवलं, ननंदबाईंपुढे हलवलेली मान आठवली. ह्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते मी खाते, आणि भूक लागली हे कोणाला सांगायची गोष्ट असते असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटत होतं तिनं काहीतरी मोठं मागितलं असेल.

"मलेही लागली," मी म्हटलं.

"काय?"

"भूक. सकाळपासून."

मग हे उठले. चुलीजवळ झाकणं वाजली, एक पडलं. बॅटरी (हातातला विजेचा दिवा) काखेत धरून त्यांनी ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं, थोडं माझ्या पायावर घातलं. मी जेवायला लागले. ते तिथेच उभे होते.

"अजून पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

मी नको अशी मान हलवली. पण बॅटरीचा उजेड भांड्यावर होता आणि मी अंधारात. त्यांना दिसलं नाही. त्यांनी परत विचारलं.

"हो," मी म्हटलं.