फटकेकाका आणि डुकराचा कान

फटकेकाका पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी भांडायचे, आणि तेही जिवंत माणसांशी, भर जेवणात. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात कुणाच्याही घरी पॉटलक असो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात जायच्या आत ते म्हणायचे, "एक डुक्कर. पंधरा फटके. उघड्या पाठीवर." मग चमचे तसेच हवेत राहायचे.

काका नागपूरचे. तिथली वकिलीची पदवी ओहायोत कुणी विचारली नाही, म्हणून कोर्टाच्या तळघरात जुन्या वह्यांची मायक्रोफिल्म करायचं काम धरलं. तिथे एका वहीत त्यांना तो डुक्करवाला भेटला. जंगल तोडून वस्ती झाली त्या काळचा खटला. डुकरं मोकळी हिंडायची आणि प्रत्येकाची खूण कानावर कापलेली असायची. कुणाच्या कानाला खाच, कुणाच्या भोक. ही खूण कोर्टाच्या वहीत नोंदवलेली. नव्याने आलेल्या एका माणसाने शेजाऱ्याचं डुक्कर नेलं. खुणा सारख्याच होत्या, मला ते माझंच वाटलं, असं तो सांगत राहिला. गुन्हा: लार्सनी, म्हणजे चोरी. शिक्षा: तेच पंधरा फटके.

"लार्सनीत वस्तू कुणाकडे सापडली एवढ्यावर भागत नाही," काका टेबलावर बोट आपटत. "घेताना मनात काय होतं, हे बघायला पाहिजे. त्याला कुणीच विचारलं नाही. काहून? तो नवा होता म्हणून."

आम्ही तरुण मंडळी मागे बसून त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात हुबेहूब करायची. मग एका वर्षी दिवाळीत तो डुक्करवाला मीच झाले.

मंडळाच्या अध्यक्षांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, त्यांच्याकडे पॉटलक होतं. निघताना वहिनींनीच उरलेला शिरा माझ्या डब्यात कोंबून भरला. तिसऱ्या दिवशी शिरा संपला आणि तळाशी त्यांची चांदीची वाटी निघाली. वाढायला घेतलेली, शिऱ्यातच बुडालेली. मी हसत हसत ती परत द्यायला गेले. त्याआधीच वहिनींचे फोन गावभर फिरून आले होते.

"मिळाली ना, झालं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आम्ही मनात काही ठेवत नाही गं."

त्या क्षमेने माझा घात केला. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. दोन घरची मुलं मी दिवसभर सांभाळायची, तेवढाच माझा आधार, तेवढीच माझी माणसं. आठवड्याभरात दोन्ही मुलं यायची बंद झाली. कारण कुणी सांगितलं नाही.

काकांना मी रडत सांगितलं. त्यांनी विचारलं ते भलतंच. "पहिल्या भेटीत तिने तुला काय विचारलं होतं?"

"आडनाव. मग, मूळचे कुठले. मग पुन्हा आडनाव."

"तेच," काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "इथे डुकराचे कान तपासायचे. आपले लोक आडनाव तपासतात. मी आयुष्यभर कान दाखवत आलोय, पोरी."

संक्रांतीला तिळगूळ पुन्हा वहिनींकडेच. काका सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, कपाट उघडलं आणि एकेक स्टीलचं भांडं उलटं करून त्यावर कोरलेली नावं मोठ्याने वाचू लागले. "सौ. शकुंतला. तुमची कोण? चि. मिलिंदच्या मुंजीप्रीत्यर्थ. तुमचा मिलिंद? कु. सुलभा." दर नावाला बाहेरून कुणीतरी म्हणायचं, "अय्या, ते माझं."

पाचव्या पातेल्यावर माझ्या आईचं नाव होतं.

"काका, पॉटलकमध्ये भांडी बदलतातच," वहिनी म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"बदलतात ना? मग तुमच्याकडे पाच आली तर बदलली, आणि हिच्याकडे एक गेली तर चोरली? तुम्ही घेताना मनात काय होतं, कुणी विचारलं तुम्हाला?"

माझी माफी कुणी मागितली नाही. तो राग अजून माझ्यात आहे आणि मी तो नीट जपलाय. पण सोमवारी सकाळी दोन्ही मुलं दारात उभी होती. आईचं पातेलं मी संक्रांतीच्याच दिवशी छातीशी धरून, सगळ्यांच्या समोरून, सावकाश चालत घरी नेलं होतं.

पुढे काका मुलीकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वडाभात पाठवला, वारलेल्या काकूंचं नाव कोरलेल्या डब्यात. फोनवर म्हणाले, "डबा परत दे हं. तिची एवढीच भांडी उरलीत." देते म्हटलं. कुणी तिकडे जाणारं सापडलं की देऊ, म्हणून थांबले. काका थांबले नाहीत. ते गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं.

"तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली.

डबा अजून माझ्या कपाटात आहे. कधीतरी उलटा करून नाव वाचते आणि त्यांच्या आवाजात टेबलावर बोट आपटते. घेताना मनात परत द्यायचंच होतं, काका. विचारा.