काळ्या उंबराची दोन झाडं

तीस वर्षं मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेवक होतो. सर-मॅडम जंगलातून फांद्या आणत. मी त्या दाबून वाळवायचो, कागदावर शिवायचो, लेबल चिकटवायचो. ‘संग्राहक’ म्हणून नाव त्यांचं. निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं, एक तरी कागद माझ्या नावाचा व्हायलाच हवा!

आणि घबाडच मिळालं की हो. गेल्या महिन्यात चौक गावाजवळच्या ओढ्याकाठी काळ्या उंबराच्या दोन झाडांच्या फांद्या तोडल्या. पानं हुबेहूब सारखी, खरखरीत. पण वाळवायला फळं चिरली, तर एकात बी आणि दुसऱ्यात नुसती चिलटं. म्हणजे जातच वेगळी! जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “ताजी फळं आण, मग बोलू.” निघताना बायको म्हणाली, “नव्या झाडाला माझं नाव द्या हं.” मी कबूलही करून बसलो.

जायचं असेल तर पनवेलहून जुन्या हायवेनं खोपोलीकडे जाणारी एसटी धरा आणि चौकला उतरा. ढाब्यावरची मिसळ झणझणीत आहे, पाव मागाल तेवढे मिळतात. पुढे रिक्षा फाट्यापर्यंतच जाते, मग अर्धा तास चाल. वाटेत वड, पायर, नांदरूक, उंबर सगळे भेटतात. दिसायला एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण घराणं एकच, कारण सगळ्यांची फुलं फळाच्या पोटात लपलेली.

ओढ्यापाशी मी फळं चिरत बसलो होतो. सरपणाचा भारा घेऊन वाडीतली एक बाई आली, जनीबाई.

“काय शोधताय, भाऊ?”

मी ऐटीत सांगितलं, “ही दोन निराळी झाडं आहेत. नवी जात!”

ती खो खो हसली. “निराळी कशाची? नवरा-बायको हायेत ती. ह्यो नर. ह्याच्यातली चिलटं उडून तिच्या फळात शिरतात, मग तिला बी धरतं. ह्ये बगा.” तिनं मादीचं फळ माझ्या भिंगाखाली धरलं. तोंडाशी एका चिलटाचे दोन पंख तुटून अडकले होते.

माझा चेहराच पडला. जन्मभर चपटी, वाळकी फळं हाताळली, पण झाडावर कोण येतं-जातं ते बघायला कधी थांबलोच नाही. मग माझं मलाच हसू आलं. जनीबाई म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका. चा प्यायला चला.” गुळाचा चहा झकास होता.

सरांनी फोनवर तेच सांगितलं, वर म्हणाले, “पण नर-मादी दोन्ही आणलीस, आपल्या कॉलेजच्या संग्रहात मादीच नव्हती रे!”

घरी येऊन दोन कागद शिवले. दोन्हींवर जात एकच लिहिली.

“माझं नाव कुठंय?” बायकोनं विचारलं.

“झाड नवं नाही गं. नाव संग्राहकाचंच.”

तिनं चष्मा लावून वाचलं: जनीबाई, ओढ्याकाठची वाडी. खाली माझं.

“पहिली ती?”

“हो,” मी म्हणालो, “ओळखलं तिनं. तीस वर्षं कागदावर माझं नाव नव्हतं, आता तिचं कसं गाळू?”