समोरच्या काकूंचा गॉगल

गॉगल लावूनही माणूस वाईट दिसू शकतो, हे उभ्या मुंबईला पटवून देण्याचं काम आमच्या समोरच्या काकूंनी एकट्यांनी केलं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. ऐंशीनंतरची ती वर्षं अशी होती की गॉगल कुणालाही शोभायचा. नाक्यावरच्या रिकामटेकड्या पोरांना शोभायचा, आखातातून सुटीवर आलेल्या कुणाच्याही भाच्याला शोभायचा, आमच्या इस्त्रीवाल्यानं एकदा गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेला गॉगल लावला तर तोसुद्धा पाच मिनिटं हिरो दिसला होता. काकूंना मात्र तो एक दिवस, एक क्षण शोभला नाही. काकू ठेंगण्या, गोल, बसक्या नाकाच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, तेलानं चोपडलेल्या केसांचा अंबाडा, त्यावर अबोलीची वेणी, आणि या सगळ्याच्या मधोमध पांढऱ्या फ्रेमचा, चहाच्या बशीएवढ्या जांभळ्या काचांचा तो गॉगल. नाक बसकं असल्यामुळे तो ओठांपर्यंत घसरायचा. म्हणून त्याच्या दोन्ही काड्यांना करगोट्याचा काळा दोरा बांधून त्याची गाठ त्या अंबाड्यामागे मारायच्या. पहिल्यांदा माझ्या घरातल्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मागे उभ्या असलेल्या मला विचारलं, "ही कोण गो?"

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये आले होते. सकाळच्या शाळेत शिकवायचे आणि दुपारी मोकळी असायचे. काकू मूळच्या मालवणकडच्या. मुंबईत जन्म गेला तरी त्यांची भाषा काही बदलली नव्हती. त्यांचा मुख्य गुण म्हणा, वेड म्हणा, एकच होतं. दिलेला शब्द त्या कधीही मोडत नसत. मोडत नसत म्हणजे काय, तर शब्दाच्या अगदी कडेकडेनं, त्याला धक्का न लावता, हव्या त्या ठिकाणी पोचत असत. डॉक्टरांनी चहातली साखर बंद करायला सांगितली. काकूंनी त्याच दिवशी साखर बंद केली आणि चहात गूळ घालायला सुरुवात केली. मी हटकलं तर म्हणाल्या, "डागदर साखर म्हणालो. गुळाचा नाव तरी घेतल्यान काय?" सोसायटीनं फळा लावला की गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. काकूंनी कपडे आत घेतले आणि दोरीवर बोंबील वाळत घातले. वरच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब नाकाला पदर लावून खाली आलं, सेक्रेटरी आले, चांगला अर्धा तास चर्चा झाली, पण बोंबील हे कपडे आहेत असं काही कुणाला सिद्ध करता आलं नाही. शेवटी सेक्रेटरींनी फळ्यावर मासे हा शब्द वाढवला. काकूंनी बोंबील काढले आणि तिथे आंब्याची साठं घातली.

सुरुवातीला मी या सगळ्याला खूप हसायचे. पुढे त्यांनी मला शुभाचं सांगितलं, तेव्हापासून मला तसं हसता आलं नाही. शुभा त्यांची एकुलती एक लेक. नोकरीला लागली, पहिला पगार झाला, तशी ती आईला घेऊन मनोरीला गेली. मार्व्याच्या धक्क्यावर तिनं आईसाठी तो गॉगल घेतला आणि बोटीतच तिच्या डोळ्यांवर चढवला. "आई, कसली झकास दिसतेस!" असं ती म्हणाली. बोटीतली माणसं हसली. काकूंनी गॉगल काढून पोरीच्या मांडीवर टाकला आणि सगळ्यांदेखत ओरडल्या, "मी मेलंय तरी ह्या सोंग घालूचंय नाय!" पोरगी त्यानंतर दिवसभर गप्प होती. काकूंना वाटलं, गॉगलवरून रुसली. खरं म्हणजे तिला त्या दिवशी आईला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते राहून गेलं. महिन्याभरात तिनं ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा बौद्ध. शिकलेला, निर्व्यसनी, शांत. पण काकांना त्याची जात तेवढी दिसली. त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि काकूंकडून शपथ घेतली. लेकीच्या घराची पायरी चढायची नाही, तिला पत्र किंवा निरोप धाडायचा नाही, आपणहून तिच्याशी बोलायचं नाही.

काकूंनी नारळावर हात ठेवला. देवासमोर दिलेला शब्द, तो मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण पहिल्या दिवसापासून त्या शपथेची कड काकू शोधत होत्या. कड सापडायला वर्ष लागलं. गावाकडच्या कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की शुभा मालाडला, बाजाराच्या आसपास कुठेतरी राहते. त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या, शुभा घरीच टाकून गेलेला तो गॉगल पदराखालून काढला आणि म्हणाल्या, "चेडवा, दिसूचा नाय असा शपथेत खंय होता?"

त्यांचा बेत असा होता. दर गुरुवारी काका कामावर गेले की मालाडच्या बाजारात जायचं आणि गॉगल लावून उभं राहायचं. कधीतरी शुभा भाजीला येईल. आई दिसेल. आणि आईच्या डोळ्यांवर आपण दिलेला, आईनं भिरकावलेला गॉगल दिसला की पोरीला न बोलता सगळं कळेल. आईचा राग गेला, आई चुकली, आई वाट बघतेय, हे सगळं तो गॉगलच सांगेल. मग ती येईल आणि हाक मारेल. "मी हाक मारूची नाय हीच शपथ. तिना मारल्यान तर ओ दिवूची नाय असा कोण म्हणालो?" मला निरोप द्यायला पाठवा, असं मी सुचवलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. तुझ्या तोंडून गेला तरी तो निरोपच, म्हणाल्या. काकांना दत्ताच्या देवळात जाते असं सांगायच्या, आणि ते खोटं ठरू नये म्हणून मालाडला उतरल्यावर आधी दत्ताच्या देवळात जायच्या.

या बेतात एकच अडचण होती. काकूंना नंबरचा चष्मा होता. गॉगल लावायचा तर चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस बाई आहे की बुवा हेसुद्धा नीट कळत नसे. म्हणजे लेकीला शोधायला निघालेल्या या बाईला लेक शेजारून गेली असती तरी दिसली नसती. तिथे माझी नेमणूक झाली. शुभाचा एक फोटो माझ्या हातात देऊन काकू म्हणाल्या, "बघूचा काम तुझा, दिसूचा काम माझा."

काकांच्या नजरेला पडू नये म्हणून गॉगल माझ्या कपाटात राही. गुरुवारी दुपारी काकू येत, आरशापुढे तो बांधून घेत आणि आम्ही निघत असू. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई न चुकता दार उघडत आणि विचारत, "काय काकू, डोळे आलेत का?" काकू खोटं बोलत नसत. "जरा लांबच रवा," एवढंच म्हणत. मुलुंडहून मालाडला दोन बस बदलून जावं लागे, पण काकूंना कधी उभं राहावं लागलं नाही. त्या चढल्या की डोळ्यांची साथ आली समजून अख्खं बाकडं रिकामं होई. कंडक्टर पैसे हातात न घेता खिडकीपाशी ठेवायला सांगे. बाजारातला मिरचीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "आजी, मोतीबिंदू काढला काय? टोपी पण घाला, ऊन लागंल." फॅशन म्हणून ही बाई गॉगल लावत असेल, अशी शंकाही कधी कुणाला आली नाही. काकू बाजाराच्या एका तोंडाला छत्री टेकून ताठ उभ्या राहायच्या. फोटो काढून घेताना राहतात तशा. मी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक तरुण बाईचं तोंड न्याहाळायचे. परतताना त्या दर वेळी एकच विचारायच्या, "नीट दिसत होतंय मां मी?" मी म्हणायचे, दिसत होता, काकू, लांबूनसुद्धा दिसत होता.

असे दोन पावसाळे गेले. काकू थकत चालल्या. उभं राहवेना म्हणून मिरचीवाला त्यांना एक उलटी पाटी बसायला देऊ लागला. मी मनातून कंटाळले होते आणि त्यांच्या काळजीनं वैतागलेही होते. हे सगळं सोडा असं एकदा म्हणालेही. काकू पुढच्या गुरुवारी नेहमीसारख्या वेणी माळून आल्या.

त्या दिवशी बाजारात एका हातगाडीचा त्यांना धक्का लागला. गॉगलची एक काडी तुटली आणि तो दोऱ्यासकट खाली पडला. मी धावले. काकूंनी गॉगल उचलून पिशवीत ठेवला, पिशवीतून नंबरचा चष्मा काढून लावला आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. आणि तेवढ्यात वरून हाक आली. "आई! ए आई!" आम्ही दोघींनी वर पाहिलं. मिरचीवाल्याच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक मुलगी ओले कपडे हातात घेऊन उभी होती. फोटोतलीच. ते कपडे तिथेच टाकून ती धावत खाली आली आणि आईच्या गळ्यात पडली. काकूंनी ओ दिली.

रडून झालं, एकमेकींचे गाल कुरवाळून झाले. मग शुभा डोळे पुसत हसायला लागली. "आई, तुला या बाजारातली एक गंमत सांगते. इथे दर गुरुवारी एक बाई येते. डोळ्यांवर एवढा मोठा गॉगल, डोक्यात वेणी, छत्री टेकून नुसती उभी! हे घरी असले की आम्ही दोघं वरून बघत बसतो. हे तिला मॅडम म्हणतात. पहिल्यांदा दिसली ना, काळजात धस्सच झालं माझ्या. तुझ्याएवढीच बुटकी. पण म्हटलं, छे, आपली आई मेली तरी गॉगल लावायची नाही. आज कशी नाही आली कोण जाणे."

मी तोंड उघडलं. काकूंनी पदराखालून माझं मनगट घट्ट धरलं. "असात कोणतरी खुळी," त्या म्हणाल्या, आणि लेकीबरोबर हसल्या. खूप हसल्या.

परतीच्या बसमध्ये गॉगल नसल्यामुळे आम्हाला उभं राहावं लागलं. काकू खांब धरून म्हणाल्या, "शुभाक सांगू नुको. दोन वर्सां आपल्याच आयशीक हसत होतंय ह्या कळला तर जल्मभर रडत बसतला." मी शब्द दिला. तो तुटका गॉगल त्यांनी माझ्याच कपाटात ठेवला.

पुढची काही वर्षं काकू गुरुवारी मालाडला जात राहिल्या. शुभा खाली यायची आणि दोघी भाजीच्या पाट्यांमध्ये उभ्यानं बोलायच्या. लेकीच्या घराची पायरी काकू चढल्या नाहीत. नातू झाला तोही त्यांनी बाजारातच मांडीवर घेतला, मिरचीवाल्याच्या पाटीवर बसून. आणि एका थंडीत, साधा ताप आल्याचं निमित्त होऊन, काकू गेल्या. माझ्या नवऱ्यानं शुभाला आणलं. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बसायला जागा व्हावी म्हणून थोडे बाजूला सरकले.

तेरावं झाल्यावर शुभा माझ्याकडे चहाला आली. चहा समोर निवत गेला. "वहिनी, आईची ट्रंक बघितली," ती म्हणाली. "मी दिलेला गॉगल होता एक. कुठेच नाही. टाकून दिला असणार. राग नाही हो मला. पण एकदा, एकदाच मला दिसेल असा लावायला हवा होता ना तिनं? मग मला कळलं असतं, आई मनातून माझ्यावर रागावली नव्हती."

मला ते ऐकवेना. मी शब्द दिला होता, सांगायचं नाही असा. काकूंच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली होती, फुकट नाही. मी उठले, कपाट उघडलं आणि एक अक्षर न बोलता तो गॉगल तिच्या हातात ठेवला. दाखवायचं नाही असं शब्दात कुठे होतं?

शुभानं तो फिरवून फिरवून पाहिला. तुटलेली काडी. तेलानं धुरकटलेल्या काचा. काळा दोरा, आणि दोऱ्याच्या गाठीत अडकलेला एक पांढरा केस. "मालाडची ती..." एवढंच तिच्या तोंडून आलं. मान हलवणंही सांगण्यातच जमा होईल असं वाटून मी मानसुद्धा हलवली नाही. नुसती तिच्या शेजारी बसले.

बऱ्याच वेळानं ती उठली. गॉगल डोळ्यांवर ठेवला, दोरा केसांमागे बांधला आणि निघाली. जिन्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काय गं शुभा, डोळे आलेत का?"

"हो, काकी," शुभाचा आवाज आला. "जरा लांबच राहा."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली फाटकातून बस स्टॉपकडे जाताना ती वरून अगदी काकूंसारखी बुटकी दिसत होती. तो गॉगल तिलाही जराही शोभत नव्हता.