केसगळतीचा कोर्स

नेरच्या मेन रोडवर आता काचेचं दार लावलेलं वेलनेस सेंटर आहे. आत केस कापतात, व्यायाम करवतात, काय खायचं तेही सांगतात. लोक म्हणतात, बाप्पा, आपल्या गावात काय नवीन गोष्ट आली! नवीन कायची आली आहे? माझं अर्धं आयुष्य त्याच कामात गेलं. फक्त माझ्या दुकानाला काच नव्हती आणि बाहेरच्या पाटीवर लेडीज पार्लर एवढंच लिहिलेलं होतं.

केस कापायला मी अमरावतीला शिकले. सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत यायचं. लग्न केलं नाही. काहून केलं नाही ते ज्याला त्याला सांगून थकले, इथं पुन्हा सांगत बसत नाही. वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा मांडून पार्लर सुरू केलं. दिवसभर उभं राहून राहून माझी कंबरच गेली. जमिनीवर पडलेली पिन वाकून उचलता येईना. तेव्हा अमरावतीच्या एका बाईंनी मला व्यायाम शिकवला. कंबर तर सुधारलीच, पण मला त्याचं वेडच लागलं. मग जात राहिले त्यांच्याकडे. श्वासाचे प्रकार, मालिश, कोणत्या दुखण्याला काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, सगळं शिकून घेतलं.

आता गंमत अशी की डोक्यावर पाणी पडलं की बाई बोलायला लागते. कोणाची मान धरलेली, कोणाला झोप नाही, कोणाचं पोट सुटलेलं. घरी ऐकायला कोणाला वेळ आहे? मी ऐकायची आणि म्हणायची, चल मागच्या खोलीत, दाखवते तुला.

मागची खोली म्हणजे पूर्वी आमच्या घरी कापूस भरून ठेवायचे ती. तिथं सतरंज्या टाकल्या. वजनं कुठून आणणार? पाण्याच्या बाटल्यांत रेती भरली. पहिली आली ती एका मोठ्या शेतकऱ्याघरची सून. कपाशी, तूर, सोयाबीन, सगळं भरलेलं घर, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला स्वतःचं लेकरू उचलून घेता येत नव्हतं. येऊ लागली आणि सुधारली. मग तिनं जावेला आणलं, जावेनं शेजारची भाभी आणली. या भाभीच्या नवऱ्याचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. बघता बघता खोली पुरेना.

अडचण एकच, घरी सांगायचं काय? पार्लरला जाते म्हटलं तर चालायचं, लग्नसराई आहे, सणवार आहे. व्यायामाला जाते म्हटलं की घरात भडका. "घरात कामं काय कमी हायेत काय, कसरत कराले चालली!" हे सासवांचं ठरलेलं. आणि पार्लरला तरी रोज रोज कोण जाऊ देतं? मग मीच डोकं लावलं. केसगळतीचा कोर्स. रोज यावं लागतं, मध्ये खंड पडला तर सगळं वाया. सासवांना लगेच पटलं! सुनेचे केस गेले तर चारचौघांत दिसतं ना. कंबर गेली तर कोणाला दिसते?

तेव्हापासून मागच्या खोलीतून निघालेली प्रत्येक बाई केस करूनच घरी जायची, हा माझा नियम. घामानं डोकं चिंब झालेलं असायचं. ते धुवायचं, वाळवायचं, वेणी नाही तर अंबाडा घालून द्यायचा, मगच दार उघडायचं. अचानक कोणाची सासू पुढच्या खोलीत येऊन बसली की मी ड्रायर चालू करायची, म्हणजे मागचं एक-दोन-तीन-चार तिच्या कानावर जायचं नाही. त्या पहिल्या सुनेचीच सासू एकदा मला म्हणाली, "काय वं, इतक्या दिवसांची येऊन राह्यली आमची सून, केस तर जसेच्या तसेच हायेत!" मी म्हटलं, "मग, गळले तर नाही ना मावशी?" मागच्या खोलीत हसू दाबता दाबता बायकांचे हाल झाले.

असं वर्षानुवर्षं चाललं. लेकरू उचलता न येणाऱ्या त्या सुनेची पोरगी कॉलेजात गेली. एवढ्या काळात मी कोणाचं नाव बाहेर जाऊ दिलं नाही. माझ्या सख्ख्या वहिनीलासुद्धा कधी पत्ता लागू दिला नाही. त्या बायकांची माझ्यावर भिस्त होती आणि मला त्याचाच अभिमान होता. केस काय, कोणीही कापतं.

मदतीला मी एकीला ठेवलं होतं. कात्री कशी धरायची इथपासून तिला शिकवलं. मला ताई म्हणायची, माझ्या घरात जेवायची, मीही तिला पाठची बहीणच समजत होते. व्यायाम, मालिश, मला येत होतं ते सगळं तिला दिलं. हातचं राखून वागणं मला जमतच नाही आणि तिथंच मी माती खाल्ली. एकदा ती मोबाईल घेऊन मागच्या खोलीत शूटिंग करत होती. मी हटकलं, तर म्हणते, "आठवन म्हनून ठेवून राह्यली ना ताई, कोनाले दाखवाची हाय!"

मग ती यायची बंद झाली. थोड्याच दिवसांत मेन रोडवर तिचं ते काचेचं दार लागलं आणि त्याच्या जाहिरातीत तोच व्हिडिओ. माझी खोली, माझ्या सतरंज्या, माझ्या रेतीच्या बाटल्या आणि माझ्या बायका, पोरींच्या ट्रॅकपँट घालून उठाबशा काढताना, चेहरे अगदी स्वच्छ. दुपारपर्यंत तो घरोघरी मोबाईलवर फिरला.

दुसऱ्या दिवशी सासवा आल्या. पुढे होती ती केसांची चौकशी करणारी मावशी. रस्त्यावरूनच सुरू झाली. "काहून वं, केसाच्या नावावर आमच्या सुनायले बोलावते अन् दार लावून भलतंच कराले लावते? थ्या नाही म्हनत होत्या तरी?" मी थक्क. दार लावून? नाही म्हणत होत्या? मला वाटलं, हे त्या काचवालीनंच पसरवलं असणार, माझं दुकान बसवायला. खरं सांगावं तर सुनेला पुढे करावं लागत होतं. तुमची सून स्वतःच्या पायानं आली, सगळ्यांच्या आधी आली, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "चुकलं मावशी. मीच जबरदस्ती केली." माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं! रस्त्यावर माणसं उभी राहून बघत होती.

त्यानंतर खुर्ची रिकामी राहू लागली. लोकांच्या सुनांना फसवणारी बाई, अशी माझी ओळख झाली. मी मनाला समजावत होते, बायकांना घरून बंदी असेल, नाही तर मीच तो व्हिडिओ दिला असं वाटून रुसल्या असतील. भेटल्या की सांगू, मग येतील. राग सगळा त्या एकीवर. ती बाजारात भेटली तेव्हा मी सोडली नाही. म्हटलं, "मला विचारलं असतंस तर मीच तुला दुकान टाकून दिलं असतं. त्या बायकांचे चेहरे काहून दाखवले? वरून माझी बदनामी?"

"चेहरे दिसल्याबिगर कोन येते ताई?" ती म्हणाली. "पन तुमच्याबद्दल मी एक शब्द बोलली नाही. आईची शप्पथ."

मी तिला भर बाजारात खोटारडी म्हटलं.

पुढं काय झालं, तर तिच्या सेंटरला गावातल्या दोन-चार बड्या घरच्या बायका जायला लागल्या. मग व्यायाम ही मोठ्या लोकांची गोष्ट झाली आणि सगळ्या घरांतून परवानगी मिळाली. सासवा आता कौतुकानं सांगतात, आमची सून सेंटरला जाते. माझ्या सगळ्या बायका तिकडं गेल्या.

मागच्या आठवड्यात दुपारी ती पहिली सून माझ्याकडे आली. "व्यायाम तिकडं चांगला घेते ताई, पन केसाले तुमचाच हात पाह्यजे." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणीच आलं. तिच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, केस ओले केले, कापायला घेतले आणि इतके दिवस मनात साठलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "तो व्हिडिओ मी दिला नव्हता गं. आणि मी दार लावून जबरदस्ती करायची, हे तुझ्या सासूला त्या सेंटरवालीनंच भरवलं असणार."

"नाही वो ताई, थे तर आमीच सांगितलं." ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, अगदी सहज. "त्या दिवशी आमी सगळ्या एकमेकीसंग फोनवर बोललो. सगळ्यायनं एकच सांगितलं म्हनजे घरच्यायले खरं वाटते ना."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय जाते? तुमाले ना सासू, ना नवरा. तुमाले कोनाले जवाब द्याचा हाय? अन् तुमी आमचं नाव सांगनार नाही, हे तर आमाले पक्कं माहीत होतं."

माझा हात थांबला. एका बाजूचे केस कापून झाले होते, दुसऱ्या बाजूचे तसेच लांब होते. अशीच उठवून घरी पाठवावी असं वाटलं. अंगाची नुसती आग होत होती. पण कापले मी, पूर्ण कापले, नीट कापले. मागून आरसा धरून दाखवला. ती खूश झाली, पुढच्या महिन्यात येते म्हणाली आणि गेली.

जिला बहीण मानलं तिनं धंद्यासाठी दगा दिला, ते मला कळतं. यांनी तर मी गप्प राहीन या भरवशावरच मला विकलं. ती मावशी अजून रस्त्यात दिसली की तोंड फिरवते. तिला थांबवून ते गिळलेलं एक वाक्य बोलायचं, बस, एवढंच काम आहे. रोज ठरवते, आज बोलायचंच. अजून बोलले नाही, आणि मी बोलणार नाही हे त्या सगळ्यांना माहीत आहे.