घुमटातली पलीकडची बाजू

माझा दादा या जुन्या शहरात गाइड आहे, आणि माझी खानावळ त्याच्या फेरीच्या शेवटी, वेशीला लागून. सकाळी तो जोडप्यांना पकडतो, तट, तळं, राजवाडा आणि घुमट दाखवतो, आणि दुपारी भुकेनं कासावीस झालेल्या त्या जिवांना माझ्या बाकांवर आणून सोडतो. बोलण्यात पटाईत. राजाराणीची भांडणं अशी सांगतो, जणू मिटवायला हाच मध्ये पडला होता.

घुमटाची गंमत अशी, की आतल्या गोल सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलं, तर पार समोरच्या टोकाला भिंतीला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. दादाची बायको, माझी वहिनी, रोज त्या पलीकडच्या बाजूला उभी असायची. एखादा नवरा लाजत काही गोड बोलला, की त्याच्या बायकोच्या आधी हीच भिंतीला तोंड लावून म्हणायची, "आधी घरातली भांडी घास!" लोक पोट धरून हसायचे. मग दादा-वहिनी माझ्याकडे जेवायला यायचे आणि पहिल्याच घासाला वहिनी माझी खोडी काढायची, "वन्सं, मीठ स्वस्त झालंय का?" मी भडकायचे. आता वाटतं, दर घासाला म्हणाली असती तरी चाललं असतं.

गेल्या हिवाळ्यात ती तापानं गेली. तेव्हापासून दादानं घुमटात पाऊल टाकलं नाही. लोकांना दारातून आत धाडायचा आणि स्वतः पायरीवर बसून राहायचा. जेवणही नावापुरतं. शर्टात माणूस कमी आणि हवा जास्त. हा असाच झिजून जाणार, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

एका दुपारी त्यानं एक नवं जोडपं आणलं. मुलगी ताटावर बसल्यापासून गप्प होती. तिच्या नवऱ्यानं चिडवलं, "घुमटात मी भिंतीशी 'भूक लागली' म्हणून कुजबुजलो, पण हिचं उत्तरच नाही."

"तू ते म्हणालाच नाहीस," ती म्हणाली. "तू विचारलंस, ते आत का येत नाहीत? आणि बाईचा आवाज कशाला काढलास?"

नवरा हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून थांबला. दादानं पेला खाली ठेवला.

"कसा होता आवाज?" त्यानं विचारलं.

"घोगरा, काका. हसत बोलल्यासारखा."

वहिनीचा आवाज अगदी तसा होता. मी त्या पोरीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

जोडपं गेलं तसा दादा उठला. "मी जाऊन येतो," म्हणाला. मी शेगडी बंद केली आणि त्याच्या मागे निघाले. वाटेत माझा बेत ठरला. मी पलीकडे उभी राहणार आणि वहिनीच्या आवाजात चार शब्द बोलणार. खोटं तर खोटं, पण हा निदान दोन घास खाईल.

सज्ज्यात कुणीच नव्हतं. दादा दाराजवळ भिंतीला कान लावून उभा राहिला. मी वळसा घालून समोर गेले आणि तोंड भिंतीजवळ नेलं. तिथला दगड ओलसर आणि उबदार होता, कुणीतरी नुकतंच तोंड बाजूला केल्यासारखा. एक शब्दही न बोलता मी तोंड मागे घेतलं. आणि समोर दादा मान हलवत होता. मी कसाबसा कान टेकवला. भिंतीतून त्याचा आवाज आला, "येईन गं. रोज येईन. तू रडू नकोस."

खाली उतरताना त्याचे डोळे ओले होते. "बरं केलंस," तो म्हणाला. "तिचा आवाज हुबेहूब काढलास."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

आता जोडपी बाहेर पडली, की तो एकटा आत जाऊन येतो. ताट साफ करतो, गालांवर मांस धरलंय. मला बरं वाटतं आणि भीतीही वाटते. कारण त्या वेळी मी इथे शेगडीपुढे असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.

काल तो आला, हात धुतले, आणि मी ताट वाढायच्या आधीच हसून म्हणाला, "तुला निरोप आहे. मीठ स्वस्त झालंय का, असं विचारलंय."

"अजून चाखलं तरी आहे का कुणी?" मी उसळून म्हटलं आणि चमचाभर भाजी तोंडात घातली.

तोंडात धरवेना इतकी खारट होती. मी ती कशीबशी गिळली.

"सांग तिला," मी म्हटलं, "उद्या कमी घालते."