तीन नंबर तोफेचा ‘रेडी’

मी घोटीचा. देवळालीचं ट्रेनिंग संपलं आणि पोस्टिंग मिळाली ती माझ्या आजोबांपेक्षा जुन्या तोफखाना रेजिमेंटमध्ये. तोफखान्यात तोफ हेच निशाण. ती सोडून मागे यायचं नाही, एवढाच आमचा इतिहास.

पुढे सीमेवर मी हवालदार, तीन नंबर तोफेचा कमांडर झालो. नेम लावायला सुरगाण्याचा नायक किसन गावित. गडी पक्का, पण ‘रेडी’ म्हणायला कायम शेवटचा. नेम लावला तरी आकडे पुन्हा तपासणार. मी चिडवायचो, “सुरगाण्याची जीप! गच्च भरल्याशिवाय हलायची नाय.”

तो हसायचा. “पोचते पन नीट, उस्ताद.”

त्या दिवशी सकाळी सात वाजता आमची पायदळाची कंपनी डोंगराच्या उतारावर अडकली. माथ्यावर शत्रूची मशीनगन. आमचे पहिले गोळे माथ्याच्या अलीकडे, आपल्याच पोरांजवळ पडले. पायदळाबरोबर पुढे असलेल्या आमच्या अधिकाऱ्यांनी रेडिओवरून पल्ला वाढवायला सांगितला. आमच्याभोवतीही गोळे पडत होते. मी पल्ल्याचा आकडा ओरडून सांगितला. बाकीच्या तोफा ‘रेडी’. तीन नंबर गप्प.

“गावित, रेडी बोल!”

“उस्ताद, ह्यो आकडा मागला हाय. गोळा आपल्याच पोरांवर पडंल.”

खरंच होतं. घाईत मी जुनाच आकडा दिला होता. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मी चूक दुरुस्त केली. तेवढ्यात शेजारी गोळा फुटला आणि किसनच्या बरगडीत तुकडा घुसला. त्याने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. आकडा दोनदा तपासला.

“रेडी.”

“फायर!”

सात चाळीसला रेडिओ ओरडला, “चोटी अपनी है!” आम्ही टोप्या उडवल्या. किसनने ते ऐकलं, हसला. आठ वाजता तो गेला.

रेजिमेंटच्या दर वर्धापनदिनाला आम्ही शहिदांची हजेरी घेतो. किसनचं नाव पुकारलं की तीन नंबर तोफेचा सध्याचा नेमबाज उत्तर देतो. मी आता निवृत्त; यंदा रेजिमेंट देवळालीला आहे, तिथे गेलो तो धास्तावूनच. जुन्या तोफा गेल्या, नव्या आल्या. आकडेही आता स्क्रीनवर येतात. तोफेबरोबर किसनही जाणार, असं वाटत होतं.

“नायक किसन गावित!”

कुणी बोलेना. मी रांगेत तीन नंबरचा नेमबाज शोधू लागलो.

“रेडी!”

त्याच्या एकट्याच्या आवाजाने अख्खं मैदान दणाणलं. परेड सुटल्यावर मी त्या नेमबाजाला गाठलं. सातपूरचा निघाला. विचारलं, “एवढा उशीर का रे केलास?”

“साहेब, तीन नंबरवर गावितांची गोष्ट सांगून तसंच शिकवतात. दोनदा बघायचं, मगच बोलायचं.”

म्हणजे माझी चूकही त्याला ठाऊक होती. असू दे. मी टाचा जुळवून त्याला कडक सॅल्यूट ठोकला.