कवडीने खाल्लेली छत्री

देवासला मी ज्या घरी स्वयंपाक आणि वरकाम करते, तिथे दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. साहेबांनी समुद्राचा तुकडा घरात आणून ठेवलाय. त्यात जिवंत पोवळी. आमच्या धारला पोवळं म्हणजे कडक मंगळवाल्याच्या अंगठीतला लाल खडा, गप्प बसणारा. इथली पोवळी खातात, फुगतात, रुसून मिटतात. वहिनी टाकीला सवत म्हणतात आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून काच पुसायचं काम माझ्याकडे आलं. तेही फक्त बाहेरून.

पोवळी दगडाला चिकटलेली येतात, इंदूरच्या दुकानातून, पाण्याच्या पिशवीत. त्या दगडाच्या भोकांतून बिनतिकीट मंडळीही उतरतात. साहेब मोबाईलवर चित्रं लावून त्यांची ओळख पटवायचे. मी चित्रांशिवाय पटवायची, पण मनातल्या मनात. त्या घरात मी दिवसाला दहा शब्दांच्या वर जात नसे. काट्यांचा गुलाबी किडा दिसायला भयंकर, पण बिचारा उष्टंखरकटं खाऊन तळ साफ ठेवायचा. म्हणजे आमच्याच बिरादरीचा. काचेसारखं एक फूल होतं, नाजूक, झुलणारं. ते महिन्यात एकाची दहा झालं आणि शेजाऱ्यांना डंख मारू लागलं. तशी एक आमच्या नात्यातही आहे.

एका मंगळवारी दगडाखालून कवडी निघाली. पांढरी शुभ्र, अंड्यासारखी तुकतुकीत. साहेबांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, ती पाहिली आणि हातातला चहा तसाच राहिला.

"अगबाई! टेकरीवरून आई उतरली!"

टेकरीवरची मोठी माता म्हणजे तुळजाभवानी, या घरची कुलदेवी. कवड्यांची माळ तिची.

"आई, गोगलगाय आहे ती," साहेब म्हणाले.

"गोगलगाय असशील तू."

त्यानंतर दर मंगळवारी टाकीच्या काचेला हळदकुंकू लागायचं आणि दर बुधवारी ते मी पुसायची. साहेबांनी तिच्या नावाचं चित्र शोधलंच नाही. देवीची ओळख कोण पटवणार?

मग छत्रीच्या आकाराचं पोवळं झिजायला लागलं. साहेबांचं सगळ्यात लाडकं ते. कडेला खाचा पडल्या, वरचे बारीक केस उमलेनात. साहेब दुकानदाराला फोनवर म्हणाले, "अरे भिया, ये तो गल रहा है!" तिकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो सकता है. बाई साबुन का हाथ डालती होगी."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "मावशी, एक तारखेपासून मी दुसरी बाई बघतो."

मी म्हटलं, "बरं."

हात कधी आत घातला नाही, हे सांगायला तोंड उघडलंच नाही. आता काम गेलं की धारला भावजयीच्या दारात परत जायचं होतं. ती मला ठेवून घेते आणि रोज ऐकवते.

रात्री अंथरुणावर मला उत्तरं सुचली, नेहमीसारखी, उशिरा. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. गोबीचं पान कुरतडलेलं दिसलं तर धुणाऱ्याचे हात कोणी तपासत नाही. अळी शोधतात. छत्री गळत नव्हती. कोणीतरी ती जेवत होतं.

सकाळी सातला मी पोचते तेव्हा टाकीचे दिवे लागलेले नसतात. दुसऱ्या दिवशी वाकून बघितलं तर छत्रीवर काहीतरी काळं, ओल्या मोज्यासारखं बसलेलं. अंगावर बारीक ठिपके. दहाला दिवे लागले तेव्हा मोजा गायब, आणि दगडाखाली आपली देवी पांढरी शुभ्र.

दुपारी साहेब कारखान्यात, वहिनी शाळेत. मी आजींकडे गेले.

"आजी, तुमची गोधडी हवी."

"एप्रिलात थंडी वाजते का गं तुला?"

"मला नाही. टाकीला."

दिवे घालवून गोधडी टाकीवर टाकली. आम्ही दोघी त्यात डोकी खुपसून बसलो. मोबाईलच्या उजेडावर मी माझा लाल पदर धरला, म्हणजे उजेड मंद होईल आणि आतल्यांना कळणार नाही. आजी दर पाच मिनिटांनी विचारत, "आली का?" तासाभराने काळा मोजा छत्रीवर चढला.

"शी! हे काय गं? मार त्याला!"

मी साहेबांच्या लांब चिमट्याने त्याला हळूच टोचलं. काळं कातडं दोन्ही बाजूंनी आत सरकलं, शाल खांद्यावरून घसरावी तसं. खाली कवडी. जिथे बसली होती तिथे छत्रीला ताजी खाच.

आजींनी काचेला नाक लावून ती खाच नीट बघितली. मी मनात म्हटलं, एक तारीख लांब आहे, आज संध्याकाळीच घालवतील.

"म्हणजे शाल पांघरून खाते?"

"हो."

"आणि दोष तुला?"

"हो."

"भूक लागली असणार तिला," आजी म्हणाल्या. "महिनाभर मी कुंकू लावतेय. कुंकवाने कुणाचं पोट भरतं?"

तेवढ्यात साहेब आले. गोधडीतून बाहेर निघालेली चार पावलं बघून ते दारातच थांबले. आजी आतूनच ओरडल्या, "बूट काढ आणि इकडे ये! तुझी साबणवाली दाखवते!"

साहेबांनी बघितलं. मग मोबाईल काढून चित्र शोधलं, आत्ता कुठे. माझी माफी मागितली नाही. "सॉफ्ट कोरल खाते म्हणे," एवढंच म्हणाले, जणू ती बातमी त्यांनीच आणली.

कवडीला फेकायची आजींची परवानगी नव्हती. जुन्या छोट्या टाकीत खारं पाणी भरलं आणि कुरतडलेली छत्री तिच्यासमोर ठेवली. आता त्या टाकीला कुंकू नाही, मऊ पोवळ्याचा नैवेद्य लागतो. तो साहेब इंदूरहून आणतात, तोंड वाकडं करून.

एक तारीख आली आणि गेली. नवं पोवळं आलं की साहेब पिशवी माझ्यासमोर धरतात, "मावशी, जरा निवडून द्या." टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन, त्यात किडे सोडवायच्या औषधाचे थेंब टाकून मी ते गोबीसारखं हलवते. जे गळून पडतं ते पांढऱ्या वाटीत घेते आणि मोठ्याने सांगते, हा कामाचा, हा खादाड. वाटीत कवडीसारखं काही पडलं तर मात्र आधी बघते, आजी झोपल्यात की जाग्या आहेत.